कॅलेंडरवरची शेवंती

कांजूरमार्ग पूर्वेला, सहाव्या मजल्यावरच्या मेस्त्रींच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं आहे. तसं ते कुणाकडे नसतं? मोठ्या मोठ्या चौकटींचं, मागे रेसिपी आणि भविष्य छापलेलं कॅलेंडर मराठी घराच्या भिंतीवर असतंच. दूधवाला कधी आला नाही, सिलिंडर कधी लावला, गावची जत्रा कधी, सगळं त्या चौकटींत बॉलपेनने लिहिलेलं. म्हणजे घरातल्या दुधाची, गॅसची आणि देवांची खबर भिंतीवर असते. घरातल्या बाईची नसते. शेवंती मेस्त्रीने ती लिहायला सुरुवात केली आणि मग जे रामायण झालं, ते सांगण्याजोगं आहे.

शेवंती मरोळला कामाला जाते. औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात औषधांच्या गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायची, खोकी चिकटवायची. सकाळची पाळी, उभ्याने काम. नवरा दत्ताराम पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला. पहाटे कुठल्या कुठल्या गल्ल्यांतले व्हॉल्व्ह फिरवून लोकांना पाणी सोडतो, घरी येतो आणि झोपतो. माणूस वाईट नाही. बायकोवर हात उचलला नाही, दारूला शिवला नाही. आता एवढ्यावरच त्याला चांगला नवरा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मुलगा सिद्धेश मॉलमधल्या मोबाइलच्या दुकानात आहे आणि घरात त्याच्या चार्जरशिवाय दुसरं काही शोधत नाही.

आणि होत्या सासूबाई. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा सिद्धेश शाळेत होता. गेल्या तेव्हा तो मिशीला आकार देऊन मुलाखतीला निघाला होता. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांना पेज भरवणं, पुसून काढणं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं, हे सगळं शेवंतीकडे. कामावर जाण्याआधी एकदा, आल्यावर पुन्हा. सासूबाई शुद्धीत असल्या की शिव्या घालायच्या, नसल्या की शेवंतीला आई म्हणायच्या. दोन्हीचं तिला काही वाटेनासं झालं होतं. वाटायला वेळ कुणाकडे होता?

गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. जो तो येऊन शेवंतीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सुटलीस गो बाय." हे वाक्य तिच्या डोक्यात गेलं. सुटली म्हणजे काय? तिला रडू आलं नव्हतं, आणि रडू आलं नाही म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटत होती. दुपारी कामावरून आली की हात आपोआप कोपऱ्यातल्या खाटेकडे वळायचे. खाट तर बाराव्यानंतर दत्तारामने भंगारवाल्याला दिली होती. ती तिथे नुसती उभी राहायची.

नवरात्र संपलं आणि एक दिवस मरोळच्या गाळ्यात, खोकं चिकटवता चिकटवता, तिची छाती धडधडायला लागली. हात सुन्न पडले. श्वास घ्यावा तर आत जाईना. आपण मेलो असं तिला स्वच्छ वाटलं. सुपरवायझरने सोडा पाजला. नाक्यावरच्या डॉक्टरने ईसीजीची पट्टी काढली आणि गॅस झालाय म्हणून सांगितलं. पण गॅस असा बसमध्ये येतो, भाजीच्या गाडीसमोर येतो, अंघोळीच्या तांब्याबरोबर येतो? झोप तर गावालाच गेली. दिवसेंदिवस ती वाळत चालली.

तिच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणिक तिच्याच गाळ्यात कामाला होती. एकटी बाई, नवऱ्याला सोडून आलेली, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "शेवंते, माझं पण एकदा असंच झालेलं. हा गॅस-बिस काय नाय. उद्या खाडा कर, चल माझ्याबरोबर." आणि तिने शेवंतीला पालिकेच्या दवाखान्यात नेलं, जिथे मनाच्या डॉक्टर बसतात.

डॉक्टर रेवती सिद्धेशपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

शेवंती म्हणाली, "सासूबाई तशा शांत गेल्या शेवटी."

"मी तुमच्याबद्दल विचारलं."

"मिस्टरांना शुगर आहे. मुलगा लागलाय कामाला."

"शेवंतीताई, तुम्ही कशा आहात?"

तेव्हा कुठे शेवंतीला कळलं की आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तरच नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर कोण जवळ बाळगतं? मग पावसाळ्यापासून अडलेलं रडू त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत आलं. चांगलं धो धो आलं. डॉक्टर गप्प बसून राहिली, घड्याळाकडे बघितलं नाही, हे शेवंतीने आठवणीत ठेवलं.

गोळ्या दिल्याच. पण जाताना डॉक्टरने दोन कामंही सांगितली. रोज एक गोष्ट फक्त स्वतःसाठी करायची. आणि रोज, काय वाटलं ते लिहायचं. चांगलं-वाईट ठरवायचं नाही, नुसतं लिहायचं. "एखादी वही घ्या," ती म्हणाली.

वहीवरून शेवंतीचं घोडं अडलं. मेस्त्रींच्या घरात वही टिकत नाही. मंडळाची वर्गणी लिहायला दत्ताराम नेतो, फोन नंबर लिहायला सिद्धेश पान फाडतो. लपवून ठेवली तर? कुठे? डब्यामागे, गादीखाली, साड्यांच्या घडीत? आणि लपवायची तरी का? आजपर्यंत रडू लपवलं, पाठदुखी लपवली, भूक लपवली. आता औषधही लपवून घ्यायचं? तिला त्या विचाराचाच राग आला. आणि या रागाने तिला बऱ्याच दिवसांनी थोडं बरं वाटलं.

फ्रिजशेजारी कॅलेंडर होतं. बॉलपेन दोऱ्याने बांधलेलं होतं. "दूध नाही" याच्या खाली चौकटीत भरपूर जागा होती. तिने लिहिलं, "आज छाती धडधडली. बसमध्ये. बसायला जागा दिली एकीने."

दुसऱ्या दिवशी, "राग आला. कुणाचा ते कळलं नाही."

मग, "माझ्यासाठी: केसांना तेल लावलं. स्वतःच."

हळूहळू तिचा नेमच झाला. कामावरून आली की स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, आल्याचा चहा मोठ्या कपात ओतायचा, बादलीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ घेऊन त्यात पाय सोडून बसायचं. उभ्याने काम करून पायांचे खांब झालेले असायचे. चहा पिऊन झाला की उठायचं आणि त्या दिवसाची चौकट भरायची. चौकट बारकी, त्यामुळे जास्त लिहिताच यायचं नाही. ते तिला सोईचं पडलं. खोटं बोलायला जागा लागते, खऱ्याला तेवढीशी पुरली.

हे दत्तारामच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. सिलिंडर कधी लावला ते बघायला तो कॅलेंडरपाशी गेला आणि तिथेच थबकला.

"हे काय लिवलंस?"

"डॉक्टरनी सांगितलंय."

"भिंतीवर लिवायला सांगितलंय?"

"कुठे लिवायचं ते नाय सांगितलं."

सिद्धेश आला, त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "आई, यार. माझे मित्र येतात घरी. इथे लिहिलंय, आज मला कुणीच आवडलं नाही."

"त्या दिवशी नाय आवडलं."

"पण भिंतीवर कोण लिहितं असं?"

"दूध नाय आलं ते चालतं ना भिंतीवर? मग मला झोप नाय आली ते का नाय चालत?"

तो चार्जर शोधायला गेला.

आणि मग आला तो सुरमईचा रविवार. मालवणी घरात माशाच्या तुकड्यांचं एक राजकारण असतं, ते कुठे लिहिलेलं नसतं पण सगळ्यांना पाठ असतं. मधली तुकडी, जाड, काटा कमी, ती घरातल्या पुरुषांची. डोकं आणि शेपूट बायकांचं. बायका म्हणतात, आम्हाला डोकंच आवडतं. शेवंतीही लग्न झाल्यापासून तसं म्हणत आली होती. त्या रविवारी तिने सगळ्यांना वाढलं आणि एक मधली तुकडी आपल्या ताटात घेतली. दत्तारामच्या वाट्याला एक आली, सिद्धेशला एक, आणि डोकं टोपात राहिलं. दत्तारामने दोनदा टोपात डोकावून बघितलं. शेवंतीने सावकाश, बोटं चाटत, संपूर्ण तुकडी खाल्ली. इतकी वर्षं आपण तळलं काय ते तिला त्या दिवशी समजलं. संध्याकाळी चौकटीत लिहिलं, "मधली तुकडी मी खाल्ली. छान होती."

वाट लागली ती याच पानामुळे.

महिना संपला. गावाहून सुके बांगडे आणि बोंबील आले. अर्धे घरात ठेवायचे, अर्धे मुलुंडला दत्तारामच्या थोरल्या भावाकडे पोचवायचे, हा मेस्त्रींचा रिवाज. सुकं बांधायला कॅलेंडरच्या पानासारखा दुसरा कागद नाही. जाड, गुळगुळीत, वास बाहेर येत नाही. दत्तारामने दरवर्षीप्रमाणे जुनं पान फाडलं, बांगडे बांधले आणि मुलुंडला देऊन आला. त्याने पान वाचलं नव्हतं. वाचायचं नाही असं ठरवल्यावर माणसाला काय काय दिसत नाही.

मुलुंडला थोरल्या जाऊबाईंनी पुडी सोडली, बांगडे डब्यात भरले आणि पान चुरगळण्याआधी त्यांची नजर त्याच्यावर गेली. मग त्यांनी ते सरळ केलं. चष्मा लावला. "सासूबाई गेल्या तेव्हा रडू आलं नाही. अजून भीती वाटते." "आज कुणाशी बोलू नये असं वाटलं." "मधली तुकडी मी खाल्ली." जाऊबाई घाबरल्या त्या पहिल्या ओळीने. पण चिडल्या शेवटच्या ओळीने, हे इथे सांगून ठेवायला हवं.

पुढच्या रविवारी थोरले भावोजी कांजूरला हजर. आत्माराम मेस्त्री, बीडीडी चाळीत वाढलेले, गिरणीतल्या बापाचे थोरले चिरंजीव, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. पान घडी घालून खिशात. त्यांनी ते पलंगावर पसरलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू घरात कुणीतरी गुन्हा केला आणि हा पुरावा.

"दत्या, ह्या काय हा?"

दत्तारामने मान खाली घातली. त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिलं होतं, बोलणार काय.

भावोजींचं निदान तयारच होतं. म्हातारी अडकली आहे. तिचा जीव मोकळा झाला नाही म्हणून सुनेला असं होतंय. दवाखाना, गोळ्या हे सगळं थांबवायचं. माघी गणपती झाला की शेवंतीला गावाला न्यायचं, देवाकडे कौल लावायचा, आणि शिमग्यापर्यंत तिला तिथेच ठेवायचं. हवा पण बदलेल. त्याआधी बिल्डिंगच्या माघी गणपतीत दरवर्षी देवाला मागणं घालणाऱ्या घाडीकाकांकडून एक गाऱ्हाणं घालून घ्यायचं.

"आणि माझी नोकरी?" शेवंतीने विचारलं.

"पाकिटाच भरतंस ना? ती दुसरी कोण पण भरतली."

शेवंतीचे कान तापले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताराम पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"मी जायची नाय," ती म्हणाली.

"तुका कोण इचारता हा?" भावोजी अगदी शांतपणे म्हणाले. ते रागाने बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. हा शांतपणाच तिला जास्त लागला. कारण खरंच तिला कोण विचारत होतं? तिकिटं दत्ताराम काढणार, बॅग जाऊबाई भरणार आणि ही गाडीत बसणार. गावच्या त्या मोठ्या रिकाम्या घरात आल्याचा चहा नाही, माणिक नाही, महिन्याने भेटणारी ती दवाखान्यातली डॉक्टर मुलगी नाही, जी तिसऱ्यांदासुद्धा तोच प्रश्न विचारते. तिथे ही पुन्हा भिंतीकडे बघत उभी राहील. जेमतेम वर काढलेलं डोकं पुन्हा पाण्याखाली जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

नवीन वर्ष लागलं तेव्हा दत्तारामने त्याच्या परीने तोडगा काढला. नाक्यावरच्या सराफाकडून फुकट मिळालेलं कॅलेंडर आणलं. त्यावर एवढा मोठा देव आणि खाली मुंगीएवढ्या तारखा. लिहायला जागाच नाही. त्याला वाटलं, भांडण न करता काम झालं. शेवंतीने त्याला हात जोडून नमस्कार केला, म्हणजे देवाला, आणि ते कॅलेंडर हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलं. मग चपला घालून स्टेशनकडच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने चौकटींचं कॅलेंडर आणलं, त्याच खिळ्याला टांगलं, त्याच दोऱ्याला पेन बांधलं. पहिल्याच चौकटीत लिहिलं, "राग आला. कुणाचा ते कळलं."

माघी गणपती आला. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मंडप, लायटिंग, सकाळपासून भजनं. कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूने वारा सुटला की वास यायचा, तो उदबत्त्यांनी झाकला जात होता. संध्याकाळच्या आरतीला सगळे जमले. मुलुंडहून भावोजी आणि जाऊबाई आले, सिद्धेश आला, माणिक हातात ताट घेऊन बायकांत उभी होती. आरती झाली आणि घाडीकाका नारळ घेऊन पुढे झाले.

गाऱ्हाणं ज्याने ऐकलं नाही त्याला सांगायला हवं. घाडीकाका एकेक मागणं देवाला घालणार, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणणार, व्हय म्हाराजा. लहानपणापासूनची सवय. मागणं नीट ऐकू येवो न येवो, काकांचा आवाज खाली उतरला की तोंडातून ते निघतंच. त्यात आत्माराम मेस्त्रींचा व्हय म्हाराजा सगळ्यांत खणखणीत. त्याचा त्यांना अभिमानही होता.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माघातल्या चतुर्थेक तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोराटोरांका कामाधंद्यात यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग भावोजींनी पुढे वाकून घाडीकाकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी मान हलवली.

"आणि म्हाराजा, दत्ताराम मेस्त्रीच्या घरात म्हातारी गेली, तिचो जीव खय अडकलो असात तर तो मोकळो कर. त्येची बायको शेवंती, हिच्या मनात नको ता शिरला हा, भिंतीर कायबाय लिवता. हिका गावाक तुझ्या पायार घालतलव, हिची मती ठिकाणार येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. पाचव्या मजल्यावरच्या ज्या बाईला शेवंतीने बाळंतपणात डबे दिले होते, ती म्हणाली. सिद्धेश म्हणाला. दत्ताराम पुटपुटला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे शेवंतीला कळत होतं आणि त्यानेच ती जास्त पेटली. तिच्या जन्माचा निकाल लागत होता आणि लोक सवयीने हो म्हणत होते. छाती धडधडायला लागली. पण या वेळी ही धडधड वेगळी होती. हात सुन्न पडले नाहीत. हात गरम झाले.

घाडीकाका नारळ फोडायला वाकले.

"थांबा काका," शेवंती म्हणाली आणि बायकांतून पुढे आली. "माझं पण गाऱ्हाणं हाय."

"बायकांनी गाऱ्हाणा घालूची पद्धत नाय," काका म्हणाले.

"देव बायकांचा ऐकत नाय?"

काका गोंधळले. देव बायकांचं ऐकत नाही असं गणपतीसमोर उभं राहून कसं म्हणणार? शेवंतीने पदर खोचला, मूर्तीकडे तोंड केलं आणि आवाज काढला. एरवी ती घरात मुंबईचंच मराठी बोलायची. गाऱ्हाणं मात्र आईच्या मालवणीत आलं.

"बा देवा गणपती म्हाराजा! माझी सासू खय अडकूक नाय. तिका मी हातान भरवलंय, तिचे केस इचरलंय, तिचा सगळा काढलंय. ती सुखान गेली रे म्हाराजा!"

लायटिंगचा जनरेटर तेवढा घुरघुरत होता. मग मागून माणिकचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!" एकटीचा, पण चांगला ठणठणीत.

"अडकला हा ता माझ्यात. इतकी वर्सा माका कोणी इचारूक नाय, शेवंते, तू कशी हस. ता मोकळा करूची वाट माका दाक्तरणीन दाखवल्यान. त्या वाटेत जो कोणी आडवो येतलो, त्येका तू बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता बायका होत्या. पाचव्या मजल्यावरची पण. तिचे डोळे भरले होते.

"माका कोणी गावाक न्हेवचो नाय! मी माझ्या कामार जातलंय, माझ्या दवाखान्यात जातलंय!"

"व्हय म्हाराजा!" आता पुरुषही. आवाज वर गेला की खाली उतरतो, आणि उतरला की तोंडं उघडतात. वळणच तसं.

"भिंतीवरचा कॅलेंडर थयच रवतला! माशाची मधली तुकडी मी खाल्लंय, आणि परत खातलंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळचा सगळ्यांत खणखणीत आवाज ओळखीचा होता. आत्माराम मेस्त्रींनी म्हणून झाल्यावर तोंड मिटलं आणि आजूबाजूला पाहिलं. जाऊबाई त्यांच्याकडे बघत होत्या. उभ्या जन्मात एकदाही त्यांचं तोंड गाऱ्हाण्याला चुकलं नव्हतं, ते आजही चुकलं नाही.

"नाय, ह्या मी..." ते म्हणायला लागले.

"देवासमोर व्हय म्हटल्यास, आत्माराम," घाडीकाका म्हणाले. त्यांना या घरच्या भानगडीत रस नव्हता, पण गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घराण्याने सांभाळला होता. "आता फिरवूक येवचा नाय." आणि त्यांनी नारळ फोडला.

सगळे लिफ्टने वर आले. सहाव्या मजल्यावर दार उघडताना दत्ताराम कुलपात किल्ली घालून तसाच उभा राहिला. आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, पण त्याला ही किल्ली फिरवता येईना.

"शेवंते," तो म्हणाला, "तू कशी हस?"

त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं. पण शेवंती एवढ्याने विरघळणारी नव्हती, आणि का विरघळावं? "उशीर केलात," ती म्हणाली. "पण रोज विचारा. रोज वेगळं उत्तर मिळेल." आणि आत जाऊन तिने त्या दिवसाची चौकट भरली. काय लिहिलं ते कुणीही जाऊन वाचावं, भिंतीवर आहे.

महिना संपला. गावाहून पुन्हा सुकं आलं, या वेळी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, आणि बांगडे. दत्तारामने वाटे केले. एक वाटा मुलुंडचा. मग तो कॅलेंडरपाशी गेला, पानाला हात लावला आणि थांबला. पान वरपासून खालपर्यंत भरलेलं होतं.

"ह्या ठेवचा ना?" त्याने विचारलं. "मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधतंय."

शेवंतीचे पाय बादलीत होते. हातात चहा होता. तिने उरलेला घोट संपवला, उठली, ओल्या पायांनीच भिंतीपाशी गेली आणि पान खिळ्यावरून सरळ फाडलं. टेबलावर पसरलं, त्यावर बांगडे आणि सुंगटं ठेवली आणि घट्ट पुडी बांधली, अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील अशी.

"जाऊबाईंना सांगा," ती पुडी त्याच्या हातात देत म्हणाली, "चष्मा लावून सोडा."